सेनानायकाचा भार : ‘ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय’ या युद्धपटाचे विवेचन

युद्धपट म्हटला की रणांगणावरील धामधूम, शत्रूचा पाडाव आणि विजयी वीराचे स्वागत ही दृश्ये प्रेक्षकाच्या मनासमोर उभी राहतात. अशा पटात सेनानायक येतो तो बहुधा आज्ञा देणारा म्हणून. आज्ञा दिल्यानंतर त्याच्या स्वतःच्या मनात काय घडते, ज्यांना त्याने मृत्यूच्या तोंडी धाडले त्यांच्याशी त्याचे नाते कोणते राहते, या प्रश्नांत शिरण्याचे युद्धपट सहसा टाळतात. हेन्री किंग यांनी दिग्दर्शित केलेला व १९४९ साली पूर्ण झालेला ‘ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय’ हा अमेरिकन चित्रपट या बाबतीत ठळक अपवाद आहे. सव्वादोन तासांच्या या पटात हवाई लढाईचे दृश्य येते ते बराच मोठा भाग उलटून गेल्यावर. तोपर्यंत प्रेक्षक पाहतो त्या केवळ खोल्या, बैठका, नकाशे, बदलीचे अर्ज आणि परत येणाऱ्या विमानांची मोजणी.

हा पट शिस्तीचा महिमा गाणारा आहे, असा समज रूढ आहे. लष्करी शाळांत आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत नेतृत्वाचा नमुनापाठ म्हणून तो अनेक वर्षे दाखविला गेला, आणि त्यातून काढले जाणारे तात्पर्यही बहुधा हेच असते की, ढिल्या नायकाच्या जागी कठोर नायक आला व गट सुधारला. हे तात्पर्य खोटे नाही; परंतु ते अर्धेच आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध त्या तात्पर्याला जोडलेले उत्तर आहे, आणि ते उत्तर लक्षात घेतल्याखेरीज पूर्वार्धाचाही अर्थ नीट लागत नाही, हे प्रस्तुत विवेचनात दाखवावयाचे आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

चित्रपटाचा आधार बर्न ले व साय बार्टलेट या दोघांनी लिहिलेली व १९४८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी होय. पटकथाही त्यांचीच आहे. दोघेही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाशी संबंधित होते, आणि ले यांनी तर १७ ऑगस्ट १९४३ रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्गवर झालेल्या हल्ल्यात प्रत्यक्ष भाग घेतला होता. त्यामुळे कथानक कल्पित असले तरी त्यातील वातावरण ऐकीव नाही.

आठव्या हवाई दलाने इंग्लंडमधील तळांवरून १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जड बाँबफेकी विमानांच्या मोहिमा सुरू केल्या. ब्रिटिश हवाई दल त्या काळी मुख्यत्वे रात्री बाँबफेक करीत असे. भर दिवसा, ठरावीक लक्ष्यावर नेमका मारा करावयाचा हा अमेरिकन सेनापतींचा आग्रह होता. या धोरणाची किंमत मोठी होती. लांब पल्ल्याची संरक्षक लढाऊ विमाने पुरेशा संख्येने मिळू लागली ती १९४४ च्या आरंभी; तोपर्यंत जर्मनीच्या अंतर्भागात शिरणाऱ्या विमानांना स्वतःच्या तोफांवरच भिस्त ठेवावी लागे. प्रत्येक ‘बी-१७’ विमानात साधारणतः दहा जण असत. एक विमान पडले म्हणजे दहा माणसे एकदम हिशेबातून गेली.

याच कारणाने विमानांचा व्यूह हा या युद्धाचा प्राण ठरला. विमाने एकमेकांच्या जवळ, वरखाली रचून नेली की एकाच्या तोफांनी दुसऱ्याचे रक्षण होई. व्यूह विस्कटला की प्रत्येक विमान एकटे पडे. शत्रूच्या वैमानिकांनी १९४२ च्या अखेरीस या विमानांची समोरची बाजू दुबळी असल्याचे हेरले व ते थेट समोरून हल्ला चढवू लागले. घड्याळाच्या तबकडीवरून दिशा सांगण्याच्या वैमानिकांच्या पद्धतीत ‘बारा’ म्हणजे नाकासमोर; चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘शत्रू समोर, वरच्या अंगाला’ असा आहे. संकट पाठीमागून येत नाही, ते डोळ्यांदेखत येते आणि तरीही विमान वळवावयाचे नसते, हा या नावातील आशय कथानकालाही लागू पडतो.

कथेतील ९१८ व्या गटाचे मूळ ३०६ व्या गटात आहे. ३०६ ला तिपटीने गुणून ही संख्या तयार केली, असे सांगतात. हा गट हानीने खचलेला असता जानेवारी १९४३ मध्ये कर्नल फ्रँक आर्मस्ट्राँग यांच्याकडे त्याची सूत्रे देण्यात आली. २७ जानेवारी १९४३ रोजी विल्हेल्म्सहाफेनवर झालेल्या, अमेरिकन बाँबफेकी दलाच्या जर्मन भूमीवरील पहिल्या हल्ल्याचे नेतृत्व त्यांनीच केले. ब्रिगेडियर जनरल फ्रँक सॅव्हेज या नायकाचे नाव व कार्य त्यांच्यावरून घेतलेले आहे. मात्र आर्मस्ट्राँग त्या गटाकडे सुमारे दीड महिनाच होते, आणि सॅव्हेजचा शेवटी जो मानसिक कडेलोट होतो तसा त्यांचा झाला नव्हता. म्हणजे गट सावरल्याची हकीकत इतिहासातून आली आहे. सावरणारा कोसळल्याची हकीकत लेखकांनी योजून घातलेली आहे. पटाचे खरे प्रतिपादन शोधावयाचे तर ते याच योजनेत शोधले पाहिजे.

२. डॅव्हनपोर्ट : ममतेचा दोष

कथेच्या आरंभी गटाचा प्रमुख कर्नल कीथ डॅव्हनपोर्ट आहे. तो भित्रा नाही, आळशी नाही, अकार्यक्षमही नाही. माणसे त्याच्यावर प्रेम करतात आणि तो त्यांच्यावर. नेमका हाच त्याचा दोष ठरतो. एका मोहिमेत मार्गनिर्देशकाच्या चुकीमुळे मोठी हानी होते. वरिष्ठ अधिकारी जनरल प्रिचर्ड त्या तरुणाला कामावरून दूर करावयास सांगतात. डॅव्हनपोर्ट नकार देतो आणि दोष स्वतःच्या माथ्यावर घेतो. त्या क्षणी त्याचे अधिकारपद जाते.

येथे दिग्दर्शकाने डॅव्हनपोर्टला खलनायक केलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या पाठीशी एक सरळ नैतिक युक्तिवाद आहे : ही माणसे थकली आहेत, त्यांच्या शक्तीला सीमा आहे, आणि ती सीमा ओळखणे हे नायकाचे कर्तव्य आहे. सॅव्हेज हा त्याचा मित्र. त्यानेच प्रिचर्ड यांच्यापुढे निदान मांडलेले असते की, डॅव्हनपोर्ट आपल्या माणसांशी प्रमाणाबाहेर एकरूप झाला आहे. या निदानाचा अर्थ असा की, आज मरणाऱ्या एकाचा चेहरा ज्याला दिसतो त्याला उद्या मरणाऱ्या दहांची संख्या दिसेनाशी होते. एका चुकणाऱ्या मार्गनिर्देशकाला वाचविण्याची ममता पुढील मोहिमेत इतर विमानांच्या जिवावर बेतू शकते.

नेतृत्वाचा भार म्हणजे काय, याचे पहिले उत्तर येथे मिळते. माणसांना मरणाच्या वाटेवर पाठविणे एवढाच तो भार नव्हे. एका माणसावरील माया आणि सर्वांविषयीचे कर्तव्य ही दोन्ही खरी असताना त्यांपैकी एकीला दररोज नाकारणे, हा तो भार होय.

३. सॅव्हेज : कठोरतेची उपाययोजना

सॅव्हेजच्या आगमनाचा प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे. तळाकडे येताना तो मोटारीत पुढे, चालकाच्या शेजारी बसलेला असतो. वाटेत मोटार थांबते. दोघे उतरतात, सिगारेट ओढली जाते, बोलणे मोकळेपणाचे असते. मग सिगारेट विझवून सॅव्हेज मागच्या आसनावर जाऊन बसतो, आणि त्या क्षणापासून तो केवळ सेनापती असतो. फाटकावरचा पहारेकरी ओळखपत्र न पाहताच मोटार आत सोडतो तेव्हा त्याची खरडपट्टी निघते. कठोरता हा या माणसाचा स्वभाव नसून त्याने अंगावर चढविलेला पोशाख आहे, ही गोष्ट दिग्दर्शक एकही खुलासेवजा वाक्य न घालता सांगून टाकतो. ग्रेगरी पेक यांचा संयत अभिनय या ठिकाणी मोलाचा ठरतो.

पुढील उपाययोजना क्रमाने येतात. मद्यपानगृह बंद होते. गणवेशात हयगय करणाऱ्या सार्जंटची पदावनती होते. जबाबदारी टाळणाऱ्या लेफ्टनंट कर्नल बेन गेटलीला सॅव्हेज तोंडावर भ्याड म्हणतो, आणि गटातील सारी नालायक ठरलेली माणसे त्याच्या विमानात घालून त्या विमानाला महारोग्यांच्या वसाहतीचे नाव देतो. वैमानिकांपुढील पहिल्याच भाषणात तो सांगतो की, भीती वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तिची काळजी वाहू नका. आपण मेलोच आहोत असे धरून चाला, म्हणजे पुढचे सोपे जाईल. परिणाम अपेक्षित तोच होतो. एकूण एक वैमानिक बदलीचा अर्ज करतात.

या कठोरतेचे तर्कशास्त्र एका लहानशा प्रसंगात उत्तम प्रकट झाले आहे. एक तरुण वैमानिक संकटात सापडलेल्या मित्राच्या विमानाजवळ राहण्यासाठी व्यूह सोडून जातो. तो मित्र त्याचा खोलीतील सोबती असतो. सामान्य व्यवहारात जो गुण मानला जाईल तो येथे अपराध ठरतो; कारण व्यूहात पडलेली पोकळी इतरांच्या नाशाला कारण होऊ शकते. सॅव्हेज त्याची कानउघाडणी करतोच, शिवाय खोल्यांची सारी वाटणी बदलून टाकतो. मैत्रीच युद्धाच्या आड येते म्हणून मैत्रीची व्यवस्थाच मोडावयाची, हा उपाय अमानुष वाटतो, आणि तो तसा वाटावा हीच दिग्दर्शकाची इच्छा आहे. तो निरर्थक मात्र नाही.

सॅव्हेजला वेळ मिळवून देतो तो मेजर हार्वे स्टोव्हॉल. हा गटाचा अ‍ॅडज्युटंट, म्हणजे कार्यालयीन कारभार पाहणारा अधिकारी. व्यवसायाने वकील आणि वयाने इतरांहून प्रौढ. गट हा आपला अशील आहे अशी भूमिका घेऊन तो बदलीचे अर्ज कार्यालयीन नियमांच्या जंजाळात अडकवून ठेवतो. दरम्यान एका मोहिमेत परत फिरण्याचा हुकूम मिळूनही सॅव्हेज पुढे जातो, लक्ष्यावर बाँब टाकून येतो आणि रेडिओ बिघडल्याची सबब सांगतो. शिस्तीचा उद्गाता स्वतः आज्ञाभंग करतो व वर खोटेही बोलतो! परंतु इतर सारे गट परत फिरले असता आपणच तेवढे लक्ष्यापर्यंत पोहोचलो, ही जाणीव गटाला जो अभिमान देते तो कवायतीने मिळाला नसता. पुढे चौकशी अधिकारी येतो तेव्हा तरुण वैमानिक बिशप याच्या पुढाकाराने बदलीचे अर्ज मागे घेतले जातात.

शिस्तीचा नमुनापाठ म्हणून पाहणारे येथे समाधानाने थांबतात. चित्रपट थांबत नाही.

४. गात्रे गळतात तो क्षण

गट सुधारला म्हणजे त्याच्यावर अधिक अवघड कामगिऱ्या येऊ लागतात. यशाचे हे फळ सेनानायकाला चुकवता येत नाही. जर्मनीच्या अंतर्भागातील लक्ष्ये, लांबलेला पल्ला, वाढता प्रतिकार यांत सॅव्हेजचे उत्तमोत्तम वैमानिक एकामागून एक नाहीसे होतात. ज्यांची नावे त्याने कटाक्षाने दूर ठेवली होती त्यांचे चेहरे आता त्याला पाठ झाले आहेत. प्रिचर्ड त्याला कचेरीतील कामावर परत बोलावू पाहतात. गट अद्याप तयार नाही, असे सांगून तो नाकारतो. नेमके हेच उत्तर डॅव्हनपोर्टने दिले असते. आता कचेरीत असलेला डॅव्हनपोर्ट ते ओळखतो आणि मित्राला सावध करतो. निदान करणाऱ्यालाच तो रोग जडला आहे, आणि पूर्वीचा रोगी आता वैद्याच्या भूमिकेत आहे.

अखेरचा प्रसंग बॉल बेअरिंगच्या कारखान्यावरील मोहिमांचा. प्रत्यक्ष इतिहासात श्वाइनफुर्ट येथील अशा कारखान्यांवर १७ ऑगस्ट व १४ ऑक्टोबर १९४३ रोजी मोठे हल्ले झाले. पहिल्या दिवशी, रेगेन्सबुर्गसह, साठ विमाने गमावली; दुसऱ्या हल्ल्यात पुन्हा साठ. चित्रपटात जबर हानी सोसूनही काम अपुरे राहते आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा जाणे भाग पडते. सॅव्हेज विमानापाशी येतो. दाराची कड धरून अंग वर खेचावयाचे, ही रोजची कृती. हात कड धरतात, परंतु त्यांत जोर येत नाही. तो पुन्हा प्रयत्न करतो. शरीर आज्ञा पाळत नाही. त्याला बाजूला न्यावे लागते, आणि गट उडून गेल्यावर तो खुर्चीत निश्चल, शून्य दृष्टीने बसून राहतो.

भारतीय वाचकाला येथे अर्जुनाच्या विषादाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्याचीही गात्रे गळाली होती व धनुष्य हातातून सुटू लागले होते. परंतु दोहोंतील भेद अधिक उद्बोधक आहे. अर्जुनाचा विषाद युद्धापूर्वीचा आहे आणि तो वाणीतून प्रकट होतो. त्याला प्रश्न पडतात, आणि उत्तर देणारा सारथी जवळ आहे. सॅव्हेजने प्रश्न आधीच निकालात काढलेले आहेत, कर्तव्याचे उत्तर तो स्वतःच इतरांना देत आला आहे. त्याचा विषाद कर्म करून झाल्यानंतरचा आहे, म्हणून तो मुका आहे. बुद्धीने दडपून ठेवलेली गोष्ट येथे शरीराने सांगितली. आपल्या साहित्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानला आहे. त्या परिभाषेत बोलावयाचे तर, उत्साह आटला असताही कर्म चालू ठेवणाऱ्या वीराचे हे चित्र आहे, आणि त्याची परिणती वीररसात न होता करुणात होते.

‘पराकाष्ठेचा प्रयत्न’ असा एक लष्करी शब्दप्रयोग या पटात वारंवार येतो. माणूस किती सोसू शकतो, याचे माप प्रिचर्डना हवे असते. ते माप त्यांना मिळते. परंतु गटावर नव्हे, मापन करणाऱ्यावरच ते सिद्ध होते.

५. भार पुढे जातो

मग सॅव्हेज हरला असे म्हणावयाचे काय? चित्रपटाचे उत्तर सूक्ष्म आहे. सॅव्हेज कोसळतो त्याच क्षणी गेटली पुढे होतो. ज्याला भ्याड म्हटले होते, ज्याने पुढे पाठीच्या मणक्याला इजा झाली असताही ती लपवून उड्डाणे केली होती, तो नायकाची जागा घेतो आणि मोहीम पार पाडतो. कोणाला विचारावे लागत नाही, कोणी गोंधळत नाही. संध्याकाळी विमाने परतल्याचा आवाज येतो, त्यांची मोजणी होते, आणि तेव्हाच सॅव्हेजच्या चेहऱ्यावरचा ताण उतरून त्याला झोप लागते.

डॅव्हनपोर्ट गेला तेव्हा गट पोरका झाला होता. सॅव्हेज कोसळला तेव्हा गट पोरका झाला नाही. दोघांच्या नेतृत्वातील फरक हाच, आणि एवढाच. भाराखाली दोघेही मोडले. कठोरतेने सॅव्हेजला अभय दिले नाही, फक्त अवधी दिला. त्या अवधीत त्याने असा गट उभा केला की, ज्याला त्याची गरज उरली नाही. नायक अढळ असतो म्हणून नेतृत्व यशस्वी होत नाही. तो ढळला तरी काम ढळू नये अशी व्यवस्था त्याने केलेली असते, म्हणून ते यशस्वी होते. नमुनापाठातून वगळले जाते ते हे तात्पर्य.

याच दृष्टीने पटाची चौकट पाहण्यासारखी आहे. कथा सुरू होते ती १९४९ मध्ये. वकिलीकडे परतलेला स्टोव्हॉल लंडनमधील एका दुकानात चिनीमातीचा, माणसाच्या मुखवट्याचा एक जुना पेला पाहतो. युद्धकाळी अधिकाऱ्यांच्या मनोरंजनगृहात हाच पेला मांडलेला असे, आणि त्याचे तोंड फिरवून ठेवले की उद्या मोहीम आहे अशी खूण समजली जाई. पेला घेऊन तो ओसाड पडलेल्या धावपट्टीवर जातो. तेथे गवत माजले आहे, गुरे चरत आहेत. सारी कथा त्याच्या स्मरणातून उलगडते. नायकाचा भार स्वतः नायकाने सांगितलेला नाही. तो साक्षीदाराने सांगितला आहे. डीन जॅगर यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते यथार्थच होय. ध्वनिमुद्रणासाठीही या पटाला तेच पारितोषिक लाभले.

६. मर्यादा

या पटाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. गटाचा नायक माणसांना मृत्यूकडे पाठवितो हे त्यात दिसते; त्या नायकाला पाठविणारे धोरण योग्य होते काय, हा प्रश्न मात्र पडद्यामागेच राहतो. दिवसाच्या बाँबफेकीचा आग्रह गृहीत धरलेला आहे. बाँब जेथे पडतात तेथील माणसे तर दिसतच नाहीत. सॅम वुड यांचा ‘कमांड डिसिजन’ हा १९४८ चा चित्रपट निदान वरिष्ठांच्या कचेरीतील वादविवाद व राजकीय दडपण दाखवितो. येथे प्रिचर्ड यांच्यापलीकडे दृष्टी जात नाही. आठव्या हवाई दलाचे २६,००० हून अधिक लोक युद्धात कामी आले, हे आज माहीत असलेला प्रेक्षक ही उणीव अधिक तीव्रतेने अनुभवतो.

तथापि ही मर्यादा पटाने स्वतःहून स्वीकारलेली आहे. दृष्टीचे क्षेत्र आखूड ठेवून त्याने एकाच गोष्टीचा तळ गाठला. लिऑन शॅमरॉय यांचे कृष्णधवल छायाचित्रण, लढाईच्या दृश्यांत प्रत्यक्ष युद्धातील चित्रफितींचा वापर आणि पार्श्वसंगीताचा जवळजवळ अभाव यांमुळे त्या एकाग्रतेला साहाय्यच झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहसूचीत १९९८ साली या पटाचा समावेश झाला.

शिस्तीच्या पाठासाठी हा पट दाखविणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत दाखवावा. दाराची कड धरून उभा राहिलेला सॅव्हेज हा त्या पाठाचा अपवाद नव्हे, तर त्याचा उत्तरभाग आहे. ज्या संस्थेला कठोर नायक हवा असतो तिने त्याच्या कठोरतेचा हिशेबही मांडून ठेवला पाहिजे, आणि तो भार त्याच्या हातून कोण, केव्हा घेणार, याची योजना त्याचे हात गळण्यापूर्वी केली पाहिजे.